चार्जिंग का होत नाही? किट विमानातला बिघाड मीटरने शोधताना

विमानाची बॅटरी उतरली की बहुतेक जण आधी नवी बॅटरी आणतात. तीही उतरली की नवा रेग्युलेटर आणतात. तो बसवूनही फरक पडला नाही, की मग कुणाला तरी विचारायला निघतात. हा क्रम उलटा व्हावा म्हणून मी हे लिहिते आहे. आधी मोजा, मग आकड्यांवर विचार करा, पाना सगळ्यात शेवटी हातात घ्या. चार्जिंगच्या बिघाडात पार्ट खराब असण्यापेक्षा जोड खराब असण्याचा संभव जास्त असतो, आणि खराब जोड दुकानात विकत मिळत नाही. तो शोधावाच लागतो.

मी मिसूरी राज्यात राहते. झेनिथ कंपनीचं सीएच ७५० हे दोन सीटचं विमान मी किटमधून, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः, बांधलं आहे. त्याला रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १०० हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. भारतात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असलेल्यांनी याच घराण्यातलं सीएच ७०१ पाहिलं असेल. नंतर आलेल्या पिपिस्ट्रेल व्हायरसमध्येही ९१२ मालिकेचंच इंजिन आहे. कारखान्यात बनलेल्या त्या विमानांना परवानाधारक इंजिनिअरशिवाय हात लावायचा नाही, पण आत काय चाललंय ते समजून घ्यायला कुणाची हरकत नसावी.

माझे वडील, आमचे आबा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियन होते. बुलेट, राजदूत, ट्रॅक्टर, टेम्पो, जे येईल ते. रोटॅक्सची चार्जिंगची रचना मी पहिल्यांदा कागदावर पाहिली तेव्हा ती मला लगेच ओळखीची वाटली, कारण मोटरसायकलचीही तीच असते. फ्लायव्हीलमध्ये चुंबक, त्याच्या आत न फिरणाऱ्या कॉईल, आणि पुढे गॅरेजवाले ज्याला आरआर युनिट म्हणतात तो रेक्टिफायर-रेग्युलेटर, जो एसीचा डीसी करतो आणि व्होल्टेज आवरतो. गावाकडच्या चांगल्या मोटरसायकल मेकॅनिकला हे पाच मिनिटांत समजेल.

यंत्रणा डोळ्यांसमोर आणा

९१२ च्या मागच्या बाजूला जनरेटर असतो. त्याच्या कॉईलपैकी दोन फक्त इग्निशनसाठी राखलेल्या असतात, दोन स्वतंत्र सर्किटांना एकेक. उरलेल्या कॉईलमधून दोन पिवळ्या वायरी बाहेर येतात आणि त्या आपल्या. त्यांत सिंगल फेज एसी असतो. पट्टा नाही, ब्रश नाही, चुंबकत्व देणारी फील्डची वायर नाही. म्हणजेच हा जनरेटर बंद करता येत नाही. इंजिन फिरतंय तोवर पिवळ्या वायरींत व्होल्टेज असणारच, मास्टर स्विच चालू असो वा बंद.

याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा. इग्निशनला बॅटरी लागत नाही. कार्बोरेटरवालं ९१२ चार्जिंग गेलं तरी फिरत राहतं. हवेत लाल दिवा लागला तर घाबरून वाटेल त्या शेतात उतरायची गरज नाही. इंधन-इंजेक्शनवाल्या ९१२ आयएसची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्याला इंधन आणि ठिणगी दोन्हींसाठी वीज लागते. त्यात दोन जनरेटर असतात, आणि इंजिन पोसणारा बंद पडला तर दुसरा इंजिनाच्या कामाला जुंपला जातो. बाकी विमान मग बॅटरीवर चालतं. तुमचं इंजिन ते असेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू करू नका.

जनरेटरची क्षमता ५८०० आरपीएमला २५० वॉट, म्हणजे साडेतेरा व्होल्टला साधारण १८ अँपिअर. आयडलला यातला थोडाच भाग मिळतो. म्हणून सर्वात आधी कागद घेऊन बेरीज करा: पॅनलचा स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपाँडर, स्ट्रोब, लँडिंग लाइट, इलेक्ट्रिक पंप, सीट हीटर असला तर तो. प्रत्येकाचे अँपिअर त्याच्या कागदपत्रांत असतात. बेरीज १४-१५ च्या पुढे जात असेल आणि टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवताना, बॅटरी उतरत असेल, तर तो बिघाड नाही, तो हिशेब आहे. लँडिंग लाइट एलईडी केला की प्रश्न संपतो. अशा विमानात नवा रेग्युलेटर घालून काहीही होणार नाही.

रेग्युलेटरवर सहा टर्मिनल असतात. दोन जी, ज्यांना पिवळ्या वायरी येतात. आर आणि बी प्लस, जिथून डीसी बाहेर पडतो. एल, चार्जिंगच्या दिव्यासाठी. आणि सी. हा सी लक्षात ठेवा, कारण निम्मी कोडी तिथेच सुटतात. सी ला व्होल्टेज मिळालं तरच रेग्युलेटर जागा होतो, आणि किती चार्ज द्यायचा हेही तो सी वरचं व्होल्टेज पाहून ठरवतो. त्याचं लक्ष्य १४.२ व्होल्ट, ०.३ इकडे किंवा तिकडे. रेग्युलेटरचं बाहेरचं कवच हेच त्याचं निगेटिव्ह. त्याला वेगळं निगेटिव्ह टर्मिनल नाही, आणि हे बांधताना अनेकांच्या लक्षात येत नाही.

याशिवाय रोटॅक्सच्या सूचनेप्रमाणे आउटपुटवर किमान २२,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर हवा.

किट विमानाचं वायरिंग बांधणाऱ्याने केलेलं असतं, त्यामुळे कुठल्याही दोन सीएच ७५० चं वायरिंग सारखं नसतं. तुमच्या विमानाचा नकाशा तुमच्याकडे नसेल तर मीटर बाजूला ठेवा आणि आधी वायर न् वायर पाहून नकाशा काढा. विमान दुसऱ्याकडून विकत घेतलं असेल तर जुना नकाशा हातात असला तरी पुन्हा काढा, कारण मधल्या काळात कुणी तरी काहीतरी बदललेलं असतंच.

जिवाची काळजी

यातल्या बऱ्याच मोजण्या इंजिन चालू ठेवून कराव्या लागतात आणि समोर पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरत असतो. फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही. विमानाची शेपूट जमिनीत रोवलेल्या हुकाला बांधा, चाकांपुढे ठोकळे लावा, आणि कॉकपिटमध्ये ब्रेक व थ्रॉटलवर माहितगार माणूस बसवा. मीटर घेऊन काउलिंगजवळ, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाजवळ, उभं राहू नका. मोजायच्या ठिकाणी इंजिन बंद असताना क्लिपा लावा, लांब वायरी फ्यूज लावून कॉकपिटपर्यंत आणा, नीट बांधा, आणि आकडे आत बसून वाचा. एवढी तयारी करायचा कंटाळा येत असेल तर त्या दिवशी मोजणी करू नका.

पिवळ्या वायरी रेग्युलेटरपासून सुट्या करून इंजिन चालवलं तर त्यांतलं एसी व्होल्टेज आरपीएमबरोबर चढत जातं आणि झटका बसेल इतकं होतं. उघडी टोकं कशालाही लागता कामा नयेत. कपॅसिटरही बॅटरी काढल्यावर लगेच रिकामा होत नाही. त्याच्या टोकांना १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावून तो विझेपर्यंत थांबा, मगच हात लावा.

बॅटरी आणि पहिले चार आकडे

उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंगची तपासणी करू नका. जनरेटर आपली सगळी ताकद बॅटरी भरण्यात घालवतो, व्होल्टेज खाली दिसतं आणि तुम्ही भलत्याच दिशेला जाता. हँगरमधल्या चार्जरने ती पूर्ण भरा, तिच्या प्रकाराला चालणाऱ्या चार्जरनेच. मग रात्रभर नुसती ठेवा.

सकाळी मीटर थेट बॅटरीच्या खांबांवर. एजीएम, म्हणजे सीलबंद लेड-अॅसिड, असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर १३.२-१३.३. हा पहिला आकडा. मग स्टार्टर मारताना दुसऱ्या माणसाने वाचायचा दुसरा आकडा: एजीएम १० च्या बरीच खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा तिच्या जाड केबलचा जोड सैल आहे. रोटॅक्सच्या इग्निशनला ठिणगी द्यायला इंजिन निदान २२० आरपीएमने फिरावं लागतं. इग्निशन बॅटरीवर अवलंबून नाही हे खरं, पण मरगळलेला स्टार्टर तेवढा वेग देऊ शकला नाही तर इंजिन सुरू होणार नाही, आणि लोक प्लग काढून पाहत बसतात.

तिसरा आकडा इंजिन सुरू झाल्यावर. रोटॅक्स २००० आरपीएमवर दोनेक मिनिटं आणि मग २५०० वर गरम करतात. २५०० ला, बाकी सगळं बंद असताना, बॅटरीच्या खांबांवर साधारण १४ दिसायला हवेत. चौथा आकडा तिथेच, पण सगळा लोड चालू करून आणि आरपीएम ४००० च्या आसपास नेऊन. हे चारही लिहून ठेवा, शेजारी हवेचं तापमानही लिहा.

सगळे आकडे बॅटरीच्या खांबांवरचे हवेत, पॅनलवरचे चालणार नाहीत. पॅनलवरचा स्क्रीन स्वतःला जिथून वीज मिळते तिथलं, म्हणजे बसवरचं (सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवरचं) व्होल्टेज दाखवतो. बस आणि बॅटरी यांच्यामध्ये स्विच, फ्यूज, रिले आणि अर्धा डझन जोड असतात. अँमीटरचंही तसंच. शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठी वायरीत बसवलेला छोटा रेझिस्टन्स, बॅटरीच्या वायरीत असेल तर काटा अधिक-उणे दोन्हीकडे जातो आणि उणे म्हणजे बॅटरी रिकामी होतेय. शंट जनरेटरच्या वायरीत असेल तर तो फक्त जनरेटर किती देतोय ते सांगतो, बॅटरीबद्दल अवाक्षरही काढत नाही. तुमचा शंट कुठे आहे ते नकाशात पाहा, नाहीतर चांगल्या आकड्याला वाईट समजाल.

व्होल्टेज ड्रॉप मोजायला शिका

आबा कंटिन्युइटीच्या बीपवर कधी विश्वास ठेवत नसत. तारेचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक राहिला तरी मीटर बीप देतो, पण त्या एका धाग्यातून १५ अँपिअर जाणार नाहीत. जोड चांगला की वाईट हे त्यातून करंट वाहत असतानाच कळतं.

पद्धत सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक वायरीच्या या टोकाला, दुसरं त्याच वायरीच्या त्या टोकाला. करंट वाहू द्या. आदर्श आकडा शून्य. जो काही दिसेल तेवढं व्होल्टेज त्या वायरीत आणि तिच्या जोडांत खाल्लं जातंय. रेग्युलेटरच्या बी प्लसपासून बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापर्यंत पूर्ण लोडवर ०.३ पेक्षा जास्त आलं तर मी ती वाट जोड न् जोड तपासते. निगेटिव्ह बाजू त्याहून कडक हवी: रेग्युलेटरच्या कवचापासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत ०.१ च्या आत. मोठा आकडा आला की मधल्या जोडावर टोक आणा. आकडा ज्या अर्ध्यात राहिला त्याचे पुन्हा दोन भाग करा. गुन्हेगार जोड दोन-तीन पावलांत सापडतो.

निगेटिव्ह बाजूकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, म्हणून तिथे जरा थांबते. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, रंग किंवा सीलंट असेल आणि रेग्युलेटर नुसता स्क्रूने बसवलेला असेल, तर त्याचं निगेटिव्ह त्या स्क्रूच्या आट्यांच्या भरवशावर असतं. कवचाच्या स्क्रूखाली लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) घेऊन तिथून अर्थच्या पट्टीपर्यंत स्वतंत्र जाड वायर न्या. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते फ्रेमपासून वेगळं आहे. इंजिन आणि बॅटरीमधली अर्थची पट्टी तुटली किंवा सैल झाली तर स्टार्टरचा करंट थ्रॉटल आणि चोकच्या केबलमधून परतीची वाट शोधतो. त्या केबल तापतात, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि थ्रॉटल अडकू शकतो. स्टार्ट केल्यावर थ्रॉटलची केबल कोमट लागली तर उडू नका.

सी ची वायर

चार्ज अजिबात होत नसेल, म्हणजे इंजिन चालू असूनही बॅटरी १२.५ वरून हलत नसेल, तर इंजिन बंद करा, मास्टर चालू ठेवा आणि सी टर्मिनल ते अर्थ मोजा. शून्य आलं तर रेग्युलेटर झोपलेला आहे. त्याला दोष देऊ नका. फ्यूज पाहा, जनरेटरचा वेगळा स्विच असेल तर तो पाहा, लग निसटलाय का पाहा.

सी वर व्होल्टेज आहे पण बॅटरीपेक्षा कमी आहे, तर गोष्ट जास्त गंभीर. आमच्या छोट्या विमानतळावर शेजारच्या हँगरमधल्या एका निवृत्त शेतकऱ्याच्या विमानात हेच होतं. एजीएम बॅटऱ्या फुगून मरत होत्या. पॅनलवर मात्र कायम १४.२, एकदम आदर्श. बॅटरीचा लॉट खराब आहे असं सगळे म्हणत होते आणि पॅनलकडे पाहिलं तर तसंच वाटावं अशी परिस्थिती होती.

आम्ही क्लिपा बॅटरीवर लावून इंजिन चालवलं. पॅनलवर १४.२ असताना बॅटरीच्या खांबांवर १४.९. सगळे दिवे आणि रेडिओ बंद केले की बॅटरीवरचा आकडा १४.३ वर यायचा, चालू केले की परत चढायचा. लोड वाढवल्यावर बॅटरीचं व्होल्टेज वाढतं, हे ऐकायलाच उलटं वाटतं. पण नकाशा समोर ठेवला की लख्ख दिसतं. त्याच्या विमानात बी प्लस थेट बॅटरीकडे जात होता आणि सी बसवरून घेतला होता, मास्टर स्विचच्या पलीकडून. मास्टरच्या मागच्या बाजूला एका लगाचा क्रिंप, म्हणजे दाबून केलेला जोड, अर्धा तारेवर आणि अर्धा इन्सुलेशनवर बसला होता. बसचा सगळा करंट त्यातून जायचा आणि तिथे ०.७ व्होल्ट खाल्ले जायचे. रेग्युलेटर सी वर १४.२ दिसेपर्यंत जोर लावत होता, म्हणून बॅटरीला ०.७ जास्त मिळत होते. पॅनलही त्याच बसवरून वाचत होता, त्यामुळे त्याला सगळं छान दिसत होतं. रेग्युलेटर आणि पॅनल दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

लग कापून नवा बसवला, योग्य मापाचा, रॅचेटच्या क्रिंपरने. पॅनलवर १४.२, बॅटरीवर १४.३, लोड असो वा नसो. तोवर किती बॅटऱ्यांचे पैसे गेले होते ते मी त्यांना विचारलं नाही.

म्हणून मी सी ची वायर बसवरून घेत नाही. बॅटरीच्या बाजूने, छोटा फ्यूज आणि स्वतःचा स्विच लावून घेते. त्यात दुसऱ्या कशाचाही करंट नसतो, त्यामुळे ड्रॉपही नसतो. आणि तोच स्विच बंद केला की चार्जिंग थांबवता येतं.

पिवळ्या वायरी

जनरेटरची सगळी ताकद दोन पिवळ्या वायरींतून आणि त्यांच्या ढकलून बसवायच्या लगांतून जाते. इंजिन थरथरतं, लग सैल होतो, सैल लग तापतो, तापला की त्याचा स्प्रिंगपणा जातो, मग आणखी सैल होतो. पिवळ्या इन्सुलेशनचा रंग लगाजवळ तपकिरी झालाय का, प्लॅस्टिकचं घर वितळलंय का, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तपकिरी दिसला तर लग बदला आणि वायरीचा काळवंडलेला तुकडा कापून टाका. काळ्या तारेवर नवा क्रिंप टिकत नाही.

डोळ्यांनी काही दिसलं नाही तर इंजिन बंद करून दोन्ही पिवळ्या वायरी सुट्या करा. एकमेकींत रेझिस्टन्स एक ओहमच्या आत हवा. मीटरच्या स्वतःच्या टोकांचा रेझिस्टन्स आधी मोजून त्यातून वजा करा, नाहीतर एवढा छोटा आकडा फसवतो. मग प्रत्येक पिवळी वायर ते इंजिनचा ब्लॉक: इथे काहीही कनेक्शन दिसता कामा नये. दिसलं तर कॉईल किंवा तिची वायर कुठे तरी घासून ब्लॉकला लागलीय. इंजिनमागच्या क्लॅम्पपाशी आधी पाहा.

दोन्ही ठीक असतील तर वायरी परत जोडा आणि इंजिन चालवून दोन पिवळ्या वायरींत एसी व्होल्ट पाहा, आणि तेव्हा सी चा स्विच बंद असू द्या. आरपीएम वाढेल तसा आकडा त्याच प्रमाणात वाढला पाहिजे. २००० ला जेवढा, ३००० ला त्याच्या साधारण दीडपट. असं झालं तर जनरेटर शाबूत आहे. पिवळ्या वायरी ठीक, सी ठीक, कवचाचं अर्थ ठीक, बी प्लसची वाट ठीक, आणि तरीही चार्ज नाही, तेव्हा रेग्युलेटर बदला. त्याआधी नाही.

गरम झाल्यावर येणारा बिघाड

हँगरसमोर सगळं बरोबर आणि वीस मिनिटं उडल्यावर व्होल्टेज घसरतं, हा सगळ्यात छळणारा प्रकार. रेग्युलेटरच्या पंखांवरचं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवरचं) तापमान ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. काउलिंगच्या आत, एक्झॉस्टच्या शेजारी, मिसूरीच्या जुलैत ती ओलांडायला वेळ लागत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. कमाल तापमानाची नोंद कायम ठेवणारे चिकटपट्टीसारखे लेबल मिळतात. एक रेग्युलेटरच्या पंखाजवळ चिकटवा, उडून या, लेबलावरचा काळा झालेला आकडा वाचा.

८० च्या आसपास असेल तर समोरून गार हवेची नळी रेग्युलेटरवर सोडा, किंवा त्याची जागाच बदला. काही बांधणारे तो फायरवॉलच्या केबिनच्या बाजूला नेतात. एक्स्पेरिमेंटल, म्हणजे स्वतः बांधलेल्या, विमानांत काही जण जॉन डिअरच्या लॉन ट्रॅक्टरचा किंवा सायलेंट हेक्टिक या जर्मन कंपनीचा रेग्युलेटर वापरतात. वापरायला हरकत नाही, पण टर्मिनलची मांडणी वेगळी असते, जुन्याची वायर नव्याला तशीच लावू नका. आणि कारखान्यात बनलेल्या लाइट-स्पोर्ट विमानात नियम तपासल्याशिवाय असा बदल करू नका.

पॅनल उड्डाणाची नोंद साठवत असेल तर ती फाईल लॅपटॉपवर उघडा आणि व्होल्टेजचा आलेख आरपीएम आणि वेळेच्या शेजारी ठेवा. हळूहळू घसरत असेल तर उष्णता. रेडिओवर बोलताना झटक्याने पडत असेल तर बसवरचा जोड. खडबडीत हवेत नाचत असेल तर सैल लग. हेडफोनमध्ये आरपीएमबरोबर चढणारी शीळ ऐकू येत असेल तर बॅटरीवर मीटर एसीला लावून पाहा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी असेल तर कपॅसिटरवर संशय घ्या, तो फुगलाय का आणि त्याचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघा.

हवेत असताना

व्होल्टेज कमी झालं तर लोड कमी करा: लँडिंग लाइट, हीटर, जास्तीचा स्क्रीन बंद. सी चा स्विच एकदा बंद-चालू करून पाहायला हरकत नाही. फ्यूज किंवा ब्रेकर उडाला असेल तर हवेत पुन्हा पुन्हा बसवू नका. बॅटरीवर लिहिलेले अँपिअर-तास भागिले लोड, असा हिशेब करून जो वेळ येईल त्याच्या निम्म्याच वेळेवर विसंबा. बॅटरी जुनी असते आणि ती पूर्ण भरलेली होती याची खात्री नसते. जवळच्या ओळखीच्या धावपट्टीवर शांतपणे उतरा. विमान उडवणं हे पहिलं काम आहे, फ्यूज शोधणं नाही.

व्होल्टेज १५ च्या वर गेलं तर मात्र वाट पाहू नका. चार्जिंग तोडा. कोणत्या स्विचने तुटतं हे हवेत शोधत बसायचं नाही, ते पॅनलवर लिहिलेलं असलं पाहिजे. लिथियम बॅटरी असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, आणि तिच्याबरोबर जास्त व्होल्टेज झालं की आपोआप जनरेटर तोडणारा रिले असावाच असं माझं ठाम मत आहे. इंजिन चालू असताना बॅटरी तोडून जनरेटर एकटा चालू ठेवू नका. बॅटरीचा आधार गेला की व्होल्टेज उसळतं आणि पॅनलवरची महागडी उपकरणं त्याच्या तोंडी जातात.

लायकॉमिंग इंजिनवाल्या किट विमानांत, म्हणजे व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही ७ सारख्यांत, पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर असतो. तिथे क्रम थोडा बदलतो: आधी पट्ट्याचा ताण, मग फील्डचा ब्रेकर, मग फील्डच्या वायरीवर व्होल्टेज पोचतंय का, मग जाड बी वायरीचा मोठा फ्यूज. फील्डची वायर तोडली की तो अल्टरनेटर थांबतो, ही रोटॅक्सवाल्यांना नसलेली सोय आहे. व्होल्टेज ड्रॉपची पद्धत दोन्हीकडे तीच.

दुरुस्तीनंतर

काउलिंग लावायच्या आधी सगळा लोड चालू करून पंधरा मिनिटं इंजिन चालवा, तापमानावर नजर ठेवून. बदललेल्या प्रत्येक जोडाचा ड्रॉप पुन्हा मोजा. हाताने प्रत्येक लग ओढून पाहा. काउलिंग लावा, आणि पहिलं उड्डाण विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालत अर्धा तास करा, म्हणजे उष्णतेचा बिघाड असेल तर तो धावपट्टी खाली असतानाच समोर येईल.

मग लॉगबुकात लिहा. "रेग्युलेटर बदलला" एवढंच लिहू नका. आधीचे चार आकडे, नंतरचे चार आकडे, सी आणि बॅटरीमधला ड्रॉप, कवच ते निगेटिव्हचा ड्रॉप, लेबलावरचं तापमान, कुठला लग बदलला आणि कुठल्या मापाचा. दर वार्षिक तपासणीला हेच आकडे पुन्हा घ्या आणि गेल्या वर्षीच्या शेजारी मांडा. ०.१ चा ड्रॉप ०.२ झाला असेल तर विमान अजून बिनतक्रार चालत असेल, पण त्या जोडाचा स्क्रू त्याच दिवशी उघडा.